रुस्तम-ए-हिंद आणि रिकामे सभागृह

चंडीगडच्या उत्तर टोकाला, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, कॅपिटल कॉम्प्लेक्स उभे आहे. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय ही राज्यसंस्थेची तिन्ही अंगे ल कॉर्बुझिए यांनी येथे एका विस्तीर्ण पटांगणाभोवती मांडली. नागरिकाने या पटांगणातून निर्धास्तपणे फिरावे आणि कायदा करणाऱ्यांना, तो राबवणाऱ्यांना व त्याचा अर्थ लावणाऱ्यांना एकाच नजरेत पाहावे, अशी मूळ कल्पना होती. आज तेथे जायचे तर ओळखपत्र दाखवावे लागते, नोंद करावी लागते आणि ठरावीक वेळी मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येते. पंजाबने सोसलेल्या हिंसेची ती खूण आहे. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची आत्मघातकी स्फोटात हत्या झाली, ती याच सचिवालयाच्या दाराशी.

या इमारतींसमोर उभा राहिलो की मला हटकून दारासिंग आठवतात. वरकरणी त्यांचा या वास्तूंशी काहीच संबंध नाही. ते कधी आमदार नव्हते की मंत्री नव्हते. या शहराशी त्यांचा ठळक दुवा एवढाच, की चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत १९७८ मध्ये त्यांनी स्वतःचा चित्रपट स्टुडिओ उभारला. तरीही, फाळणीनंतर पंजाबने आणि देशाने काय गमावले, त्या जागी काय उभे केले आणि काय उभे करायचे राहून गेले, याचा हिशेब मांडायचा झाला तर या पटांगणाबरोबर त्यांचे आयुष्यही वाचावे लागते. चित्रपटसृष्टीने त्यांना मारधाडपटांचा नायक म्हणून एका कोपऱ्यात बसवले आणि अभ्यासकांनी त्या कोपऱ्याकडे फारसे पाहिलेच नाही. राष्ट्रीय घडामोडींच्या स्तंभात आज एका पैलवान नटाचे चरित्र सांगण्याचे कारण हेच आहे.

दारासिंग रंधावा यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक या गावी, शेतकरी जाट शीख कुटुंबात झाला. पंजाबच्या गावागावांत तेव्हा आखाडे होते आणि पैलवानकी हा प्रतिष्ठेचा मार्ग होता. पण त्या प्रतिष्ठेचा आर्थिक पाया गावात नव्हता, तो संस्थानांत होता. पतियाळाच्या दरबाराने गामांना पोसले, कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी देशभरच्या मल्लांना आश्रय दिला आणि खासबागेचे भव्य मैदान बांधले. पैलवानाचा खुराक, वस्तादाचे मानधन, तालमींची देखभाल हे सारे राजाश्रयावर चाले. १९४७ नंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत ही व्यवस्था संपुष्टात आली. संस्थाने विलीन झाली. ती व्हायलाच हवी होती, यात शंका नाही. परंतु त्यांच्याबरोबर जी सार्वजनिक कामे संपली, त्यांची यादी नव्या प्रजासत्ताकाने केली नाही. कुस्तीचा आश्रय हे त्या यादीतले एक ठळक काम होते.

पंजाबचा तोटा दुहेरी होता. फाळणीत लाहोर गेले. लाहोर ही पंजाबची राजधानी होती, तसेच ते पंजाबी चित्रपटाचे आणि पैलवानीचेही मोठे केंद्र होते. तेथील हिंदू आणि शीख चित्रपट व्यावसायिक मुंबईला आले. ज्यांच्या नावाने अवघा हिंदुस्थान कुस्ती ओळखत असे, ते गामा लाहोरला स्थायिक झाले आणि १९६० मध्ये तेथेच निवर्तले. राजधानीच्या जागी नवे शहर वसवायचा निर्णय झाला आणि त्यातून चंडीगड जन्मले. रुस्तमच्या जागी कोण, हे ठरवण्यासाठी मात्र कोणतीही समिती नेमली गेली नाही. ती जागा भरणारा तरुण तेव्हा सिंगापुरात होता.

दारासिंग १९४७ मध्ये सिंगापूरला गेले ते पोटासाठी. पंजाबातील असंख्य तरुणांसाठी आग्नेय आशियातील बंदरे ही तेव्हा रोजगाराची ओळखीची वाट होती. तेथे त्यांनी पिंपे बनवणाऱ्या कारखान्यात काम केले. सहा फूट दोन इंच उंचीचा हा तरुण लोकांच्या नजरेत भरणे स्वाभाविकच होते. हरनाम सिंग या वस्तादांच्या हाताखाली ग्रेट वर्ल्ड येथे त्यांचे शिक्षण सुरू झाले. सिंगापूरमध्ये त्या काळी या प्रकारची मोठी करमणूक उद्याने होती आणि तेथे नाटक, नाच, खाद्यपदार्थ यांच्याबरोबरीने कुस्तीचे फडही तिकीट लावून रंगत. मातीतल्या हौद्यातून ते दोरखंडांच्या रिंगणात आले आणि भारतीय कुस्तीऐवजी फ्रीस्टाइल व्यावसायिक कुस्ती शिकले. क्वालालंपूरला तरलोक सिंग यांना हरवून त्यांनी मलायाचे अजिंक्यपद मिळवले आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ते नामांकित मल्ल म्हणून मायदेशी परतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्तीत खरी स्पर्धा किती आणि आधी ठरवलेली करमणूक किती, हा वाद जगभर आहे आणि तो खोटा नाही. दारासिंग सुमारे पाचशे लढतींत अपराजित राहिले, ही त्यांची ख्याती त्या वादाचे भान ठेवूनच स्वीकारावी लागते. तथापि त्यांच्या अंगची ताकद, त्यांचा व्यायाम आणि शिस्त यांविषयी कोणालाही संशय नव्हता. १९५४ मध्ये टायगर जोगिंदर सिंग यांना नमवून ते रुस्तम-ए-हिंद ठरले. १९५९ मध्ये कोलकात्यात जॉर्ज गोर्डिएन्को यांना हरवून त्यांनी राष्ट्रकुल अजिंक्यपद मिळवले. २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवून ते जगज्जेते म्हणून जाहीर झाले. किंग काँग या नावाने रिंगणात उतरणाऱ्या हंगेरियन वंशाच्या अजस्र मल्लाबरोबरच्या त्यांच्या झुंजी तर दंतकथाच बनल्या. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या कुस्त्यांना जी गर्दी लोटे, तिच्यात गिरणगावातले कामगार होते, गोदीतले हमाल होते, दुकानदार होते. कोणत्याही सरकारी योजनेविना, निव्वळ तिकीटबारीवर हा खेळ चालला. राजाश्रय संपल्यावर लोकाश्रयावर जगता येते, हे दारासिंग यांनी सिद्ध केले.

याच काळातले दुसरे नाव महाराष्ट्राच्या वाचकाला सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी त्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. पुढे ते पोलीस खात्यात लागले, १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. एकाच पिढीतले हे दोन मल्ल. ज्याने खेळाचा शुद्ध, हौशी, ऑलिंपिकचा मार्ग धरला, त्याची राज्यसंस्थेने उपेक्षा केली. ज्याने करमणुकीचा बाजार स्वीकारला, त्याला बाजाराने तारले. यातून बाजार श्रेष्ठ ठरतो, असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण बाजाराने तारलेले पैलवान मोजकेच आणि विस्मृतीत गेलेले हजारो. एवढेच म्हणता येईल, की ज्या क्षेत्रातून राज्यसंस्था अंग काढून घेते, तेथे एखादाच दारासिंग होतो.

चित्रपटात ते आले ते कुस्तीच्याच वाटेने. १९५२ च्या ‘संगदिल’मध्ये त्यांचे ओझरते दर्शन घडले होते. नायक म्हणून त्यांची कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली १९६२ मध्ये, बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘किंग काँग’पासून. ट्रिक फोटोग्राफीत हातखंडा असलेले बाबूभाई पौराणिक आणि साहसपटांचे दिग्दर्शक होते. मारधाडपटांची ही परंपरा मुंबईत जुनी होती. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल तलवारबाजीने पडदा गाजवत आणि ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच झाले. पुढे वाडिया बंधूंच्या नादियाने ती परंपरा चालवली. दारासिंग यांनी साठच्या दशकात तिला नवा देह दिला. १९६३ च्या ‘फौलाद’नंतर अशा चित्रपटांची रांगच लागली. सॅमसन, हर्क्युलिस, टारझन, डाकू, बॉक्सर अशी त्यांची रूपे पाहिली तर देशोदेशींच्या बलवानांची यादी वाचल्यासारखे वाटते.

हे चित्रपट कमी पैशांत आणि कमी दिवसांत होत. नामवंत नायिका त्यांपासून दूर राहत. म्हणूनच मुमताज या तेव्हाच्या उमेदवार अभिनेत्रीला ‘फौलाद’मध्ये नायिकेची जागा मिळाली आणि पुढे या जोडीने डझनाहून अधिक चित्रपट केले. त्याच मुमताज नंतर हिंदी चित्रपटाच्या पहिल्या फळीत जाऊन बसल्या. दारासिंग मात्र आपल्या जागी राहिले. ते स्वतःला थोर अभिनेता मानत नसत आणि तसा आव त्यांनी कधी आणला नाही. पडद्यावर ते एक साधी गोष्ट सातत्याने करत. सामर्थ्य असलेला माणूस दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, एवढेच ते दाखवत. पिटातल्या प्रेक्षकाला तेवढे पुरेसे होते.

धोरणाच्या दृष्टीने हा काळ पाहण्याजोगा आहे. १९५१ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने अहवाल दिला. त्यातून पुढे चित्रपट वित्त महामंडळ आणि पुण्याची चित्रपट संस्था उभी राहिली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही स्थापन झाले. या संस्थांनी मोठे काम केले, हे निर्विवाद. पण त्यांची दृष्टी अभिजात आणि गंभीर चित्रपटाकडे होती. आपल्याकडे सार्वजनिक पैशाने चांगली अभिरुची घडवण्याचा प्रयत्न झाला. जी अभिरुची आधीपासून लोकांत होती, तिची नोंद ठेवण्याचा प्रयत्न मात्र झाला नाही. राज्य सरकारे मारधाडपटांच्या तिकिटावरही करमणूक कर घेत होती. कर घेताना दर्जाचा प्रश्न कोणाला पडला नाही, प्रती जतन करताना तो पडला.

१९६५ चा ‘सिकंदर-ए-आझम’ या संदर्भात मला विशेष वाटतो. पंजाबच्या भूमीवर चालून येणाऱ्या सिकंदराची भूमिका पंजाबी दारासिंग यांनी केली आणि त्याला सामोऱ्या जाणाऱ्या पोरसची पृथ्वीराज कपूर यांनी. त्याच वर्षी पंजाबच्या सीमेवर पाकिस्तानशी युद्ध झाले. पृथ्वीराज १९५२ मध्ये राज्यसभेच्या पहिल्याच नामनियुक्त सदस्यांत होते. सत्येंद्रनाथ बोस, मैथिलीशरण गुप्त, काका कालेलकर, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पंक्तीला एक नट बसला, याचे तेव्हा अप्रूप वाटले होते. पडद्यावरचा सिकंदर त्या सभागृहात पोहोचायला पोरसनंतर एक्कावन्न वर्षे जायची होती.

सत्तरच्या दशकात दारासिंग दोन दिशांनी पुढे गेले. एकीकडे ते पंजाबीकडे परतले. १९७० मध्ये त्यांनी ‘नानक दुखिया सब संसार’ हा पंजाबी चित्रपट दिग्दर्शित केला आणि पुढे ‘भगत धन्ना जट्ट’, ‘सवा लाख से एक लडाऊँ’, ‘ध्यानू भगत’ असे चित्रपट केले. लाहोर गेल्यापासून पंजाबी चित्रपटाला स्वतःचे घर नव्हते. तो मुंबईत बने आणि पंजाबात दाखवला जाई. १९६६ मध्ये भाषिक आधारावर पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा वेगळा झाला, पंजाबी भाषकांचे राज्य अस्तित्वात आले. परंतु त्या भाषेत चित्रपट तयार करण्याची सोय त्या राज्यात उभी करण्याचे काम एका निवृत्तीकडे झुकलेल्या पैलवानाने अंगावर घेतले. मोहाली हे तेव्हा नुकते वसू लागलेले गाव. तेथे १९७८ मध्ये त्यांनी स्टुडिओ बांधला. कॅपिटल कॉम्प्लेक्सपासून थोड्याच अंतरावर, पण कोणत्याही सरकारी आराखड्याबाहेर.

दुसरी दिशा पौराणिक होती. १९७६ च्या ‘बजरंगबली’मध्ये त्यांनी हनुमान साकारला. महाराष्ट्रात तालमीत मारुतीची मूर्ती असतेच. उत्तरेतही आखाड्याचे दैवत तेच. त्यामुळे पैलवानाने हनुमान होणे प्रेक्षकाला स्वाभाविक वाटले. १९८३ मध्ये दिल्लीत अखेरची स्पर्धा खेळून त्यांनी कुस्तीतून निवृत्ती घेतली. आता शांत उत्तरायुष्य सुरू होणार, असे कोणालाही वाटले असते. पण त्यानंतर पंजाबातली परिस्थिती वेगाने चिघळली आणि त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी भूमिका त्याच पार्श्वभूमीवर आली.

त्या वर्षांची उजळणी आवश्यक आहे. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि दिल्लीसह अनेक शहरांत शिखांचे शिरकाण झाले. २४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी आणि संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात करार झाला. २६ जानेवारी १९८६ रोजी चंडीगड पंजाबला मिळायचे होते. लोंगोवाल यांची महिन्याभरात हत्या झाली, चंडीगडचे हस्तांतरण झालेच नाही. योगायोग असा, की ल कॉर्बुझिए यांनी कल्पिलेला, वाऱ्याबरोबर फिरणारा उघडा हात त्याच १९८५ मध्ये कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये प्रत्यक्ष उभा राहिला. देण्याची आणि घेण्याची खूण म्हणून तो योजलेला होता. ११ मे १९८७ रोजी सुरजितसिंग बर्नाला यांचे सरकार बरखास्त झाले, राष्ट्रपती राजवट लागली आणि ती फेब्रुवारी १९९२ पर्यंत टिकली. एकाच इमारतीत हरियाणाच्या सभागृहात १९८७ च्या निवडणुकीनंतर देवीलाल यांचे सरकार कारभार करत होते आणि पंजाबचे सभागृह जवळजवळ पाच वर्षे रिकामे होते.

याच काळात, २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दाखवली जाई. रस्ते ओस पडत. त्या पडद्यावर हनुमान होते दारासिंग, वयाने साठीच्या उंबरठ्यावर. ज्या अमृतसर जिल्ह्यातून रोज हत्येच्या बातम्या येत, ज्या जिल्ह्याचे नाव ऐकून देशाच्या इतर भागांत लोक साशंक होत, त्याच जिल्ह्यातला, त्याच समाजातला एक शीख शेतकऱ्याचा मुलगा देशभरच्या घराघरांत निष्ठेचे आणि बळाचे दैवत म्हणून पाहिला जात होता. मे १९८८ मध्ये सुवर्णमंदिराभोवती पुन्हा कारवाई झाली, तेव्हाही मालिका चालूच होती. दारासिंग शीख आहेत, याचा कोणाला विसर पडला होता असे नाही. ते सर्वांना ठाऊक होते आणि त्याने कोणाला काही खटकले नाही. अविश्वासाच्या त्या वर्षांत पंजाब आणि उर्वरित देश यांच्यात जे थोडे समाईक उरले होते, त्यात हा चेहरा होता.

या गोष्टीला अवाजवी अर्थ देण्याचा मोह टाळला पाहिजे. मालिकेने हिंसा थांबवली नाही. एका शिखाला हनुमान म्हणून नमस्कार करणाऱ्या समाजाने १९८४ च्या पीडितांना वेळेवर न्याय दिला, असेही झाले नाही. शिवाय त्या मालिकेची दुसरी बाजू आहे. तिच्यातून जागलेल्या श्रद्धेचा राजकीय उपयोग लवकरच सुरू झाला. १९९१ मध्ये सीता आणि रावण साकारणारे दोन्ही कलावंत भारतीय जनता पक्षातर्फे लोकसभेत पोहोचले. दारासिंग स्वतः १९९८ मध्ये त्याच पक्षात दाखल झाले. समाईक प्रतीक एकदा पक्षाच्या मंचावर आले की त्याचे समाईकपण थोडे कमी होते. त्यांच्या बाबतीतही ते झाले, हे मान्य करावे लागेल. तरीही त्यांच्यावर कोणी द्वेष पसरवल्याचा आरोप केला नाही, आणि आजचे वातावरण पाहता ही लहान गोष्ट नव्हे.

ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नामनियुक्त केले. केंद्रात वाजपेयी यांचे सरकार होते. त्या तुकडीत हेमा मालिनी, अर्थतज्ज्ञ बिमल जालान, अंतराळशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन असे सदस्य होते. क्रीडा क्षेत्रातून राज्यसभेवर नामनियुक्त झालेले पहिले सदस्य म्हणून दारासिंग यांचा उल्लेख होतो. गंमत अशी, की संविधानाच्या अनुच्छेद ८० मध्ये बारा नामनियुक्त सदस्यांसाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही चारच क्षेत्रे नोंदलेली आहेत. त्यात खेळ नाही. संविधान सभेत अनेक क्षेत्रांचे जाणकार होते. परंतु ज्या देशात संस्थानांनी पिढ्यान्पिढ्या मल्ल पोसले, त्या देशाच्या संविधानात शारीरिक कर्तृत्वासाठी शब्द राहून गेला. दारासिंग यांच्या बाबतीत अडचण आली नाही, कारण ते नटही होते. पैलवान म्हणून लोकांनी ओळखलेल्या माणसाला राज्यसंस्थेने कलेच्या दारातून आत घेतले, असे फार तर म्हणता येईल.

हा प्रश्न तांत्रिक वाटेल, पण तसा तो नाही. २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांची नियुक्ती झाली, तेव्हा हाच मुद्दा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. ती फेटाळली गेली. त्यानंतर मेरी कोम आणि पी. टी. उषा याही त्या सभागृहात गेल्या. म्हणजे प्रथा पडली आहे, तिला आधार देणारा शब्द मात्र अजून संविधानात नाही. प्रथेवर चालणाऱ्या व्यवस्थेत निवडीचे निकषही धूसर राहतात. खेळाडूची नियुक्ती त्याच्या खेळातील जाणकारीसाठी होते, त्याच्या लोकप्रियतेसाठी होते की पक्षाच्या सोयीसाठी, हे नागरिकाला कळत नाही. दारासिंग यांच्यासारख्या माणसाकडून देशाला ऐकायला हवे होते ते कुस्तीच्या अर्थकारणाविषयी, म्हाताऱ्या पैलवानांच्या निर्वाहाविषयी, स्टंट करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेविषयी, सीमावर्ती पंजाबातल्या तरुणांविषयी. नामनियुक्त सदस्याचे ज्ञान सभागृहाच्या उपयोगी पडेल अशी रीत आपण घडवलेली नाही. त्याला आसन मिळते, पण त्याच्या विषयाला वेळ मिळेल याची हमी नसते. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांची मुदत संपली.

अखेरच्या वर्षांत नव्या पिढीने त्यांना २००७ च्या ‘जब वी मेट’मध्ये पंजाबी कुटुंबातले आजोबा म्हणून पाहिले. ती भूमिका त्यांना करावीच लागली नसेल, इतके ते तसेच होते. ७ जुलै २०१२ रोजी हृदयविकाराचा झटका आल्याने त्यांना मुंबईत रुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १२ जुलै रोजी त्यांचे निधन झाले. तेंडुलकर यांनी राज्यसभेत शपथ घेतली, त्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा आठवडे झाले होते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. आठ वर्षांपूर्वी गेलेला माणूस पुन्हा कोट्यवधी घरांत पोहोचला, आणि ज्यांनी त्यांची एकही कुस्ती पाहिली नव्हती, अशा मुलांनीही त्यांना ओळखले.

या चरित्रातून धोरणकर्त्यांनी काय घ्यावे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, अनुच्छेद ८० मध्ये क्रीडा हा शब्द समाविष्ट करावा आणि प्रत्येक नामनियुक्तीबरोबर तिची कारणे प्रसिद्ध करावीत. दुसरी, साठ-सत्तरच्या दशकांतील मारधाडपट आणि पौराणिकपट हे राष्ट्रीय वारशाचा भाग मानून त्यांच्या उपलब्ध प्रती शोधाव्यात व जतन कराव्यात. लाखो कामगारांनी आपल्या मोजक्या फुरसतीत काय पाहिले, हे कळल्याशिवाय त्या काळाचा सामाजिक इतिहास पुरा होणार नाही. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. संस्थानांबरोबर जो राजाश्रय संपला, त्याच्या जागी तालमींना आणि वस्तादांना नियमित, पक्षनिरपेक्ष आधार देणारी व्यवस्था राज्यांनी उभी करावी. पदक मिळाल्यावर दिलेली बक्षिसाची रक्कम म्हणजे आश्रय नव्हे. खाशाबांना गरज होती ती हेलसिंकीला जाण्यापूर्वी.

ल कॉर्बुझिए यांनी त्या उघड्या हाताच्या पायथ्याशी जमिनीत खोलगट अशी एक जागा योजली आहे. नागरिकांनी तेथे जमावे आणि सार्वजनिक प्रश्नांवर विचारविनिमय करावा, असा तिचा हेतू. मी तेथे गेलो, तेव्हा आमच्या गटाबरोबर एक मार्गदर्शक आणि एक पोलीस होता, आणि पायऱ्यांवर बसलेले कोणी नव्हते. पंजाबचे सभागृह आता भरलेले असते, निवडणुका वेळेवर होतात, आणि ही कमाई मोठी आहे. परंतु ते सभागृह रिकामे होते तेव्हा लोकांना एकमेकांशी जोडून ठेवणारे जे काही होते, ते या पटांगणाबाहेर, आखाड्यात, तंबूतल्या चित्रपटगृहात आणि रविवारच्या सकाळी शेजाऱ्याच्या घरातल्या दूरचित्रवाणी संचासमोर होते. धर्मूचकच्या एका पैलवानाने त्यातला बराच भार आपल्या खांद्यांवर वाहिला. त्याचे ऋण राज्यसंस्थेने एका सहा वर्षांच्या आसनाने फेडले, असे आपण मानू नये.